भाडेकरूचा आसरा आणि घरमालकाचा हक्क

(वडोदरा शहराच्या गोत्री विभागातील मराठी भाषिक रहिवाशांपुढे विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. गेल्या शंभर वर्षांचा अनुभव जमेस धरला, तर तीत आणखी एका चरणाची भर घालावी लागेल : आणि घर पाहावे भाड्याने देऊन. आजचा विषय घरभाडे नियंत्रणाचा कायदा आणि घरमालकाचा मालमत्तेवरील हक्क हा आहे. विषय कायद्याचा असला, तरी तो केवळ वकिलांचा नव्हे. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे आणि ज्याच्या नावावर ते छप्पर आहे, अशा दोघांचाही तो आहे.

गोत्रीत या विषयावर बोलण्याला विशेष औचित्य आहे. गोत्री हे मूळचे शहराच्या पश्चिमेकडील गाव. शेतांच्या जागी सोसायट्या आणि सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आले, त्यामागोमाग विद्यार्थी, परिचारिका आणि नोकरदार भाड्याच्या खोल्या शोधीत येऊ लागले. येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांची जुनी घरे दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात आहेत आणि काहींचा घरात वाटा पुण्यास किंवा मुंबईसही आहे. त्यामुळे एकाच माणसास एका घराचा मालक म्हणून आणि दुसऱ्या घराचा भाडेकरू म्हणून हा कायदा भेटतो, असे दृश्य येथे दुर्मिळ नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे समतोल बुद्धीने ऐकण्यास याहून योग्य श्रोतृवर्ग मिळणे कठीण.

कायद्याचा उगम

भाडे नियंत्रणाची कल्पना समाजवादी विचारवंतांच्या ग्रंथांतून नव्हे, तर युद्धकाळाच्या निकडीतून जन्मास आली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील ग्लासगो येथे दारूगोळ्याच्या व जहाजबांधणीच्या कारखान्यांत काम करण्यासाठी माणसांची रीघ लागली आणि घरमालकांनी भाडी वाढविली. १९१५ साली तेथील स्त्रियांनी मेरी बार्बर यांच्या नेतृत्वाखाली वाढीव भाडे देण्यास नकार दिला. त्या आंदोलनाची परिणती म्हणून त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने भाडेवाढीस युद्धकालीन निर्बंध घालणारा कायदा केला. मुंबईचीही स्थिती तशीच होती. गिरण्यांत हात हवे होते, पण त्या हातांना राहण्यास खोल्या नव्हत्या. १९१८ साली मुंबईत भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा आला, तोही युद्धकालीन म्हणूनच.

दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये आणि पुन्हा १९४४ मध्ये तशाच स्वरूपाचे कायदे झाले. त्यानंतर फाळणी झाली. निर्वासितांचे लोंढे पश्चिम भारतातील शहरांत आले. अशा काळात १९४७ चा मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम संमत झाला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि बडोद्याची घरेही यथाकाल त्याच कायद्याच्या छत्राखाली आली. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा दोघांच्याही वाट्यास तोच कायदा आला. भाऊ वेगळे झाले, परंतु भाड्याची वही एकच राहिली, असे म्हटले तरी चालेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा कायदा तात्पुरता होता. त्याला मुदत घातलेली होती. ती मुदत संपत आली की तो वाढविला जाई. तात्पुरती तरतूद अर्धशतक टिकली, कारण ज्या टंचाईमुळे ती करावी लागली, ती टंचाई हटली नाही. आणि ती का हटली नाही, याचे उत्तर काही अंशी त्या कायद्यातच दडलेले आहे.

दोन वेगळी तत्त्वे

भाडे नियंत्रणाचा कायदा म्हणजे एकच गोष्ट, असे आपण समजतो. वस्तुतः त्यात दोन स्वतंत्र तत्त्वे एकत्र गुंफलेली आहेत. पहिले तत्त्व आसऱ्याचे. भाडेकरू ठरलेले भाडे देत आहे, घराची नासधूस करीत नाही, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवीत नाही, तोवर घरमालकाने लहर आली म्हणून त्याला बाहेर काढू नये. कब्जा हवा असेल, तर कायद्यात सांगितलेले कारण न्यायालयात सिद्ध करावे. स्वतःसाठी जागेची वाजवी आणि खरीखुरी गरज हे असे एक कारण आहे. पण तेथेही कोणाची अडचण अधिक मोठी, भाडेकरू बाहेर पडल्याने होणारी की मालकास जागा न मिळाल्याने होणारी, हे न्यायालयाने तोलून पाहावयाचे असते.

दुसरे तत्त्व गोठलेल्या भाड्याचे. १९४७ च्या कायद्याने 'प्रमाण भाडे' ही संकल्पना स्वीकारली. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, तेच सर्वसाधारणपणे तिचे प्रमाण भाडे. त्यानंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेस तिचे पहिले भाडे लागू. घरपट्टीतील वाढ, नव्या सुधारणांचा खर्च अशा काही कारणांपुरती वाढ सोडली, तर त्या पलीकडे भाडे घेणे बेकायदेशीर ठरे.

पहिले तत्त्व न्याय्य आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. मुलांची शाळा, नोकरीचे ठिकाण, म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी या सर्व गोष्टी राहत्या घराभोवती विणलेल्या असतात. नोटिशीच्या एका कागदाने ते विणकाम उसवता येऊ नये. मालकाच्या हक्काचीही त्यात हानी नाही, कारण योग्य भाडे त्याला मिळत राहते. मालमत्तेच्या हक्कावर खरा घाव घातला तो दुसऱ्या तत्त्वाने. आणि गेली कित्येक दशके आपण ही दोन तत्त्वे वेगळी न करता भांडत आलो. घरमालक भाडे वाढवून मागतो, तेव्हा भाडेकरूस वाटते की आपल्याला काढण्याचा डाव आहे. भाडेकरू आसऱ्याचा हक्क सांगतो, तेव्हा मालकास वाटते की आपले घर बळकावले जात आहे. दोघांचीही भीती खरी असते, पण दोघेही एकमेकांच्या वेगळ्याच प्रश्नाला उत्तर देत असतात.

वीस रुपयांचा हिशेब

हे हिशेबाने पाहू. जुन्या वाड्यातील दोन खोल्यांचे भाडे दरमहा २० रुपये आहे, असे उदाहरणादाखल धरा. महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने २००० सालापासून घरमालकास दरसाल ४ टक्के वाढ घेण्याची मुभा दिली. ही वाढ चक्रवाढ पद्धतीने मोजली, तरी २५ वर्षांनी ते २० रुपये सुमारे ५३ रुपये होतात. आज एवढ्या रकमेत गवंड्याचा एक दिवस सोडाच, त्याची दुपारची न्याहारीही भागणार नाही.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. इमारत चांगल्या स्थितीत ठेवणे हे कायद्याने घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते केले नाही, तर नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि तिचा खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशी सोय महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. मात्र वर्षाकाठी वळती करावयाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये. २० रुपये भाड्याच्या घरात ही रक्कम वर्षाला ६० रुपये होते. साठ रुपयांत गळके छप्पर दुरुस्त होत नाही. म्हणजे मालकास दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूस दिलेला हक्क कागदावरच राहतो. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, असे आपण म्हणतो. येथे तिसरा पक्ष म्हणजे खुद्द इमारत, आणि तिला मात्र लाभ होण्याऐवजी पावसाळ्यागणिक तडे जात राहतात.

मुंबईत याचे परिणाम ठळकपणे दिसले. जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली स्वतंत्र कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापावे लागले. दुरुस्तीसाठी इमारतींवर उपकर बसविण्यात आला. आरंभी मुंबई बेटावरील १९,६४२ इमारती या उपकराच्या कक्षेत आल्या. पुढे हे काम म्हाडाकडे आले. यांतील पहिल्या वर्गातील इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या. भाडे ज्या तारखेस गोठले, तीच तारीख मोडकळीस आलेल्या इमारती ओळखण्याची खूण व्हावी, हा योगायोग बोलका आहे. भाड्यातून जी दुरुस्ती व्हावयाची, तिच्यासाठी शेवटी उपकर आणि सार्वजनिक निधी यांकडे वळावे लागले.

पागडी आणि कुलूप

कायद्याने एक दार बंद केले की व्यवहार दुसरे दार शोधतो. भाडे वाढविता येत नाही, म्हणून जागा देताना एकरकमी पागडी घेण्याची प्रथा पडली. ती बेकायदेशीर होती, पण सर्वज्ञात होती. पागडीची पावती नसे, त्यामुळे वाद झाला की पैसे देणाऱ्याचे तोंड बंद. ज्याच्याजवळ गाठीला रक्कम नाही, अशा गरिबास ती जागा मिळण्याचा मार्गच उरला नाही. ज्याच्या रक्षणार्थ कायदा झाला, त्यालाच नव्या जागेचे दार बंद झाले.

दुसरा उपाय निघाला तो अनुमती व अनुज्ञप्तीचा, ज्याला व्यवहारात आपण लीव्ह अँड लायसन्स म्हणतो. जागा 'भाड्याने' न देता केवळ 'वापरण्यास' द्यायची, म्हणजे भाडेकरूचे हक्क उत्पन्न होत नाहीत. १९७३ साली महाराष्ट्राने दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारान्वये राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्या दिवशी जे घरात होते त्यांचे कल्याण झाले, यात शंका नाही. परंतु इतर मालकांनी त्यातून वेगळाच धडा घेतला : घर रिकामे राहिले तरी चालेल, पण कोणास द्यावयाचे नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. या सर्वांचे कारण भाडे कायदा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि कुलूप लावलेल्या घरांमागे परत न मिळण्याची ही भीती अनेकदा उभी असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

राज्यघटना आणि न्यायालय

राज्यघटना अमलात आली, तेव्हा मालमत्ता धारण करण्याचा हक्क मूलभूत हक्कांत होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो तेथून काढण्यात आला आणि २० जून १९७९ पासून कलम ३०० अ अन्वये तो घटनात्मक हक्क राहिला. कायद्याच्या आधारावाचून कोणासही त्याच्या मालमत्तेपासून वंचित करता येत नाही, एवढे संरक्षण आजही आहे. त्यामुळे घरमालकांनी न्यायालयात जो प्रश्न नेला, तो मुख्यतः समानतेचा आणि वाजवीपणाचा होता.

मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी निर्णय दिला. त्याचे सार असे की, एखादा कायदा केला तेव्हा वाजवी असला, तरी काळ बदलल्याने तो अवाजवी होऊ शकतो. १९४० च्या पातळीवर भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. मात्र कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार होती आणि नवा कायदा विचाराधीन होता, म्हणून त्या तरतुदी रद्द ठरविल्या नाहीत. भाडेकरूचा आसरा न्यायालयाने हिरावला नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. दोष दाखविला तो गोठलेल्या भाड्याचा.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथे तोवर तीन निरनिराळे कायदे चालत होते, त्यांची जागा एका कायद्याने घेतली. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असणाऱ्या कंपन्या या भाडेकरू असल्यास त्यांना कायद्याचे संरक्षण मिळणार नाही, असे ठरले. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक झाले आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकण्यात आली. नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते. अनुज्ञप्तीची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट आकार द्यावा लागतो.

दुसरे प्रकरण अलीकडचे आहे. उपकरप्राप्त इमारतीतील भाडेकरूंच्या सहकारी संस्थेने मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन ती इमारत संपादन करता येईल, अशी तरतूद १९८६ साली म्हाडा कायद्यात आली. आपल्या उदाहरणातील २० रुपयांच्या हिशेबाने एका बिऱ्हाडामागे मोबदला होतो २,००० रुपये. मालकांच्या संघटनेने याविरुद्ध दाद मागितली. त्या वादातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही आपोआप 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही.

मालकांनाही दोन शब्द

येथवर ऐकून सभागृहातील घरमालक बंधूंना समाधान वाटले असेल. म्हणून दुसरी बाजूही मांडणे प्राप्त आहे. सर्वच मालक वडिलोपार्जित वाड्याचे निराधार वारस नसतात. भाडेकरूंनी भरलेली इमारत कमी किमतीस मिळते. ती तशीच जाणूनबुजून विकत घ्यावयाची आणि मग भाडे कमी म्हणून गळा काढावयाचा, यात न्याय नाही. पागडी घेतलेल्या मालकाने तर भाड्याचा काही भाग आगाऊच वसूल केलेला असतो. भाडे स्वीकारले तर हक्क मान्य केल्यासारखे होईल या समजुतीने मनीऑर्डर परत पाठविणे, पाणी तोडणे, दुरुस्ती मुद्दाम अडवून इमारत पडण्याची वाट पाहणे, हे प्रकारही घडतात. अत्यावश्यक सेवा तोडणे हा कायद्याने गुन्हा आहे. थकबाकीच्या कारणावरून दावा लावण्यापूर्वी महाराष्ट्रात लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, तेही याच अनुभवातून.

आणि भाडेकरूंमध्येही दोन प्रकार आहेत. निवृत्तिवेतनावर जगणारी विधवा आणि नव्या वस्तीत स्वतःची सदनिका असूनही जुन्या खोलीस कुलूप लावून ठेवणारा सुखवस्तू गृहस्थ, या दोघांना एकच २० रुपयांचे भाडे लागू व्हावे, ही समता नव्हे.

पुढील वाट

गुजरातने १९४७ चाच कायदा वेळोवेळी मुदत वाढवून पुढे चालविला आणि २००१ च्या दुरुस्तीने नव्या बांधकामांना त्याच्या बंधनातून मोकळीक देण्याचे धोरण स्वीकारले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. लेखी करार, निवासी जागेसाठी कमाल दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, स्वतंत्र भाडे प्राधिकरण व न्यायालये ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. तो स्वीकारणे राज्यांवर सोपविलेले आहे आणि तो पुढील करारांसाठी आहे. म्हणजे गोत्रीतील नव्या सदनिकेचा प्रश्न सुटण्याचा मार्ग दिसतो, पण दांडिया बाजारातील जुन्या वाड्याचा प्रश्न मागे उरतो.

त्या जुन्या प्रश्नासंबंधी माझे निवेदन एवढेच आहे. आसरा आणि भाडे यांचा विचार वेगवेगळा व्हावा. आसरा अभंग राहावा, मात्र भाडे निदान इमारतीची देखभाल, कर आणि माफक परतावा भागेल इतके असावे. ज्या भाडेकरूस ते परवडत नाही, त्यास साहाय्य अवश्य मिळावे, पण ते समाजाने सार्वजनिक कोषातून द्यावे. गरिबास आधार देणे हे साऱ्या समाजाचे कर्तव्य आहे. त्याचा भार, ज्याच्या घरात तो गरीब योगायोगाने राहतो, त्या एकाच माणसाच्या माथी टाकणे योग्य नव्हे. बड्या कंपन्यांना संरक्षणातून वगळून 'गरज पाहून संरक्षण' हे तत्त्व महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मान्य केलेच आहे. तेच पाऊल आणखी पुढे टाकावयाचे आहे.

तोवर आपल्या हाती असलेल्या गोष्टी आपण कराव्यात. करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी. भाडे घेतले की पावती द्यावी आणि घेतलेली पावती जपून ठेवावी. केवळ अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे सर्व काळजी मिटली, असे समजू नये. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने ही प्रथा पडली, एवढाच तिचा अर्थ आहे. जुन्या वाड्यात वाद असेल, तर न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी मालक आणि भाडेकरू यांनी एकत्र बसून आधी इमारतीची तपासणी करून घ्यावी, दुरुस्तीचा अंदाज काढावा आणि कोणी किती भार उचलावा ते लिहून ठेवावे. दावा पिढ्यान् पिढ्या चालू शकतो, परंतु वासा कुजला म्हणजे तो निकालाची वाट पाहत नाही.